दुसरीतली मुलगी तिसरीत कधी जाणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं झाली, एका कुटुंबाच्या आठवड्याला तीन चित्रपट्ट्या (कॉमिक स्ट्रिप) काढताय. घरात आई, बाबा, आजी, दुसरीतली मुलगी आणि पाळण्यातला भाऊ. आता वाचक विचारायला लागलेत, की ही पोर अजून दुसरीतच कशी आणि बाळ रांगणार कधी? मुलांना मोठं करावं का, केलं तर कोणत्या वेगाने, हिशेब कसा ठेवायचा, आणि मोठी झाल्यावर गंमत उरेल का?

मी एका पुरवणीसाठी सोळा वर्षं एका कुटुंबाची साप्ताहिक स्ट्रिप काढली. पहिली तीन वर्षं माझी मुलं वाढत नव्हती, पुढची तेरा वाढली. त्यामुळे पश्चात्ताप दोन्ही बाजूंचे आहेत. उत्तर आधी देते, कारणं मग. मुलांना वाढवायचं असेल तर खुशाल वाढवा, पण मुलीचं वय ठरवण्याआधी आजीचं ठरवा. मुलगी तिसरीत गेली की आजीही एका वर्षाने पुढे सरकते, आणि हे तुमच्या आधी वाचकाच्या लक्षात येतं.

न वाढणारी मुलं म्हणजे आळशीपणा, असा एक समज हल्ली ऐकते. तो डोक्यातून काढून टाका. आपला ‘चिंटू’ १९९१ पासून लहानच आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी त्याला दहावीत ढकललं नाही, म्हणूनच तेव्हा शाळेत असलेली माणसं आता आपल्या मुलांना मांडीवर घेऊन तोच चिंटू वाचून दाखवू शकतात. अमेरिकेतल्या ‘डेनिस द मेनिस’ पट्टीतला डेनिस १९५१ पासून साडेपाच वर्षांचा आहे. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’मध्ये, म्हणजे चार्ली ब्राउन आणि त्याचा कुत्रा स्नूपी यांच्या पट्टीत, तर पाहण्यासारखी गोष्ट आहे. लायनस १९५२ मध्ये आला तो बाळ म्हणून, सॅली १९५९ मध्ये जन्मली. दोघंही भराभर मोठी झाली, चार्ली ब्राउनच्या टोळीत खपतील एवढी झाली आणि तिथेच थांबली. शुल्झना मुलांना वाढवण्यात रस नव्हता. त्यांना बोलणारी पात्रं हवी होती, आणि तान्हं बाळ बोलत नाही. तुमच्या पाळण्यातल्या भावाचं उत्तर यातच आहे. बाकी घर थांबवायचं ठरवलंत तरी त्याला निदान बोबडं बोलण्यापर्यंत आणा. चार चौकटींत न बोलणारं पात्र फार दिवस पोसता येत नाही.

मधला मार्गही आहे. ‘ब्लाँडी’ या अमेरिकी पट्टीतलं बाळ १९३४ मध्ये जन्मलं, धाकटी कुकी १९४१ मध्ये. दोघंही किशोरवयापर्यंत आली आणि मग घड्याळ बंद पडलं. इतक्या वर्षांत त्यांची शाळा काही सुटलेली नाही. ‘बेबी ब्लूज’मधली झोई १९९० मध्ये तान्ही होती, तीस वर्षं उलटली तरी ती प्राथमिक शाळेतच. हळू घड्याळाची सोय अशी, की लेखकाला प्रत्येक वयावर पुरेसा वेळ रेंगाळता येतं. अडचण एवढीच, की तो वेग ठरलेला असावा लागतो. कधी हळू, कधी भरभर असं केलंत तर वाचक वैतागतो.

आता खऱ्या घड्याळाकडे येऊ, म्हणजे पात्रं रोजच्या तारखेबरोबर वाढतात त्याकडे. हे घड्याळ कुणा मोठ्या कलावंताच्या प्रतिभेतून नाही, चक्क खपाच्या हिशेबातून निघालं. फ्रँक किंग यांची ‘गॅसोलीन अ‍ॅली’ २४ नोव्हेंबर १९१८ रोजी शिकागो ट्रिब्यूनमध्ये सुरू झाली. चार पुरुष गल्लीत उभे राहून मोटारींबद्दल गप्पा मारतात, एवढाच मामला. बायका हे वाचत नाहीत, तेव्हा एक बाळ आणा, असं वृत्तपत्राचे जोसेफ पॅटरसन यांनी सांगितलं. पंचाईत अशी, की मुख्य पात्र वॉल्ट सडाफटिंग. मग १४ फेब्रुवारी १९२१ ला त्याच्या दारात टोपलीत एक मूल सापडलं. त्याचं नाव स्कीझिक्स.

बाळ आणणं सोपं होतं, पुढे त्याचं काय करायचं हा खरा प्रश्न. किंग यांनी त्याला रोजच्या तारखेबरोबर वाढू दिलं, आणि तारखेने काय केलं पाहा. १९२१ मध्ये सापडलेलं मूल १९४२ मध्ये एकवीस वर्षांचं होतं. महायुद्ध पेटलेलं, वाचकांच्या घरातली त्या वयाची पोरं पलटणीत. स्कीझिक्स घरी बसून राहिला असता तर वाचकांनी काय म्हटलं असतं? तो सैन्यात गेला. १९४४ मध्ये त्याचं लग्न झालं, मग मूल झालं. किंग यांनी १९२१ मध्ये यातलं काहीही योजलेलं नव्हतं. घड्याळ लावलं की कथानकाचा निम्मा भाग तेच लिहायला लागतं. हे चित्रकाराला फार सोयीचं वाटतं, पहिली काही वर्षं.

सोय कुठे संपते तेही त्याच पट्टीत दिसतं. १९१८ मध्येच पोट सुटलेला, जाणता पुरुष असलेला वॉल्ट एकविसाव्या शतकातही त्या पट्टीत आहे. त्याची बायको फिलिस २००४ मध्ये गेली. वॉल्टला मात्र निरोप देणं किंग यांच्या मागून पट्टी सांभाळणाऱ्यांनाही जमलेलं नाही. शंभरी त्याने केव्हाच ओलांडली. त्यांना मी दोष देत नाही, कारण हेच मी केलंय. ते पुढे सांगते.

ज्या पट्टीकडून मी सगळ्यात जास्त शिकले ती लिन जॉन्स्टन यांची ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’. कॅनडातली, ९ सप्टेंबर १९७९ पासूनची. टोरांटोजवळच्या एका काल्पनिक उपनगरात राहणारं पॅटरसन कुटुंब. (त्या ट्रिब्यूनवाल्या पॅटरसनशी संबंध नाही, आडनावाचा योगायोग.) बाबा जॉन दातांचा डॉक्टर, आई एली, मुलगा मायकल, मुलगी एलिझाबेथ. जॉन्स्टन यांचा नवराही दातांचा डॉक्टर, आणि पात्रांना त्यांनी स्वतःच्या मुलांची मधली नावं दिली. मात्र कागदावरची मुलं खऱ्या मुलांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी लहान ठेवली. हे तीन वर्षांचं अंतर मला त्या पट्टीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. घरातलं भांडण कागदावर येईपर्यंत खऱ्या मुलाचं त्या भांडणाचं वय उलटून गेलेलं असतं, आणि त्याला वर्गात कुणी चिडवत नाही. तुमची मुलगी तुमच्या भाचीवरून बेतली असेल (असतेच, नाही म्हणू नका) तर तेवढं अंतर ठेवा. माझ्या बहिणीने एकदा दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता, कारण तिच्या लेकाचा चाचणीतला भोपळा मी आठवड्याभरातच छापून मोकळी झाले होते.

गंमत उरेल का, याचं उत्तरही त्याच पट्टीत आहे. लहान मुलाचा विनोद बहुतेक गैरसमजातून येतो. शब्द चुकीचा ऐकणं, मोठ्यांचं बोलणं अक्षरशः घेणं. दहाव्या वर्षानंतर ही विहीर आटते. मग मूल खोलीचं दार लावून घेतं, आणि विनोद त्याच्या तोंडून निघून दाराबाहेर उभ्या असलेल्या आईकडे येतो. तिथपर्यंत तुम्ही आईला माणूस म्हणून उभं केलं नसेल, ती फक्त डबा भरणारी बाई असेल, तर पट्टी तिथेच मरते. एलीकडे स्वतःचं काहीतरी होतं: लिहिण्याची हौस, वाढत्या वजनाची चिडचिड, पुढे पुस्तकांचं दुकान. म्हणून मुलं मोठी झाली तरी घर रिकामं वाटलं नाही. शिवाय जॉन्स्टन यांनी १ एप्रिल १९९१ रोजी पट्टीत तिसरं मूल जन्माला घातलं, एप्रिल. खऱ्या आयुष्यात तिसरं मूल नव्हतं. त्यांना हवं होतं, ते कागदावर झालं. थोरली दोघं मोठी होत चाललेली असताना घरात पुन्हा दुपटी वाळत पडली. वाढतं घर काढायचं तर घरात नेहमी एक तरी दहाच्या आतलं पोर असू द्या, मग ते शेजारचं का असेना.

शेजारच्या पोरांचीही वयं वाढवा. लॉरेन्स हा मायकलचा लहानपणापासूनचा मित्र, अंगणात खेळणारा, वाचकांनी दशकभर पाहिलेला. १९९३ मध्ये तो आपण समलिंगी असल्याचं सांगतो. काही वृत्तपत्रांनी त्या पट्ट्या छापल्या नाहीत, काहींनी मालिकाच बंद केली, आणि पुढच्या वर्षी जॉन्स्टन यांचं नाव पुलित्झर या अमेरिकी पत्रकारिता-पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. वाद निघतो हे तुम्हाला सांगायला नको. कामाचा मुद्दा वेगळा आहे. हाच विषय मांडण्यासाठी एक नवं पात्र आणलं असतं तर तो विषयच राहिला असता. लॉरेन्सला वाचक त्याच्या गुडघे फुटण्याच्या वयापासून ओळखत होता, त्यामुळे त्याला झटकून टाकणं अवघड गेलं. दहा वर्षांच्या साध्यासुध्या, निरुपद्रवी पट्ट्या कधी कशासाठी उपयोगी पडतील, सांगता येत नाही.

मग कुत्रा. फार्ली हा मोठा, डोळ्यांवर केस येणारा शीपडॉग. मायकल आणि एलिझाबेथ वाढत होते तसा तोही वाढत होता, आणि कुत्र्याचं आयुष्य तेरा-चौदा वर्षांचं. एप्रिल १९९५ मध्ये चार वर्षांची एप्रिल पूर आलेल्या ओढ्यात पडते, म्हातारा फार्ली उडी मारून तिला वाचवतो, आणि त्या श्रमाने मरतो. जॉन्स्टन स्वतः सांगतात, की हे कळल्यावर शुल्झ यांनी त्यांना दम दिला: तू फार्लीला मारलंस तर मी स्नूपीला ट्रकखाली घालीन. दोन घड्याळांतला फरक यापेक्षा नेमका कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही. वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला, रागाचा आणि रडण्याचाही. ऑंटारिओतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने पुढे गरिबांच्या आजारी जनावरांसाठी निधी उभारला, त्याला फार्लीचंच नाव आहे.

कारागिरी म्हणून पाहाल तर त्या मरणाची तयारी आधीपासून चालू होती. फार्ली थकत चाललेला दिसतो, त्याचं पिल्लू एडगर आधीच गोष्टीत आलेलं असतं. वाचकाला धक्का बसतो, पण फसवल्यासारखं वाटत नाही.

आता माझी आजी. माझ्या पट्टीत थोरला दुसरीत होता तेव्हा आजी बहात्तर वर्षांची, असं मी एका पट्टीत सहज लिहून गेले होते. थोरला अभियांत्रिकीला गेला. आजी तशीच, मोरीपाशी बसून तांदूळ निवडतेय. एका वाचकाने पोस्टकार्डावर बेरीज करून पाठवली. संपादक म्हणाले, रविवारच्या पुरवणीत तिरडी नको, लोक चहा पीत असतात. मलाही तेच ऐकायचं होतं. मग मी आजीला नाशिकला धाकट्या काकांकडे पाठवलं, चार दिवसांसाठी. ती परत आलीच नाही. दोन वर्षांनी एका बाईंचं पत्र आलं: आजी नाशिकहून आल्या का हो? मी उत्तर दिलं नाही. सोळा वर्षांतली माझी सगळ्यात वाईट पट्टी कुठली असं कुणी विचारलं तर मी आजीची पिशवी भरल्याची ती पट्टी दाखवते. वाईट काढलेली नव्हती हं, हात चांगला चालला होता त्या दिवशी.

म्हणून म्हणते, आजीचं वय आधी. सत्तर लिहिलं असेल तर दहा वर्षांनी काय करणार हे आज ठरवा. ठरवता येत नसेल तर वय लिहूच नका आणि घड्याळ हळू ठेवा. तसं करण्यात काही कमीपणा नाही.

एकदम उडी मारूनही वाढवता येतं. ‘डून्सबरी’ ही अमेरिकी पट्टी काढणारे गॅरी ट्रूडो यांनी १९८३ मध्ये काम थांबवलं. बारा वर्षं कॉलेजातच राहिलेली पात्रं १९८४ मध्ये परतली ती पदवी घेऊन नोकरीधंद्याला लागलेली, आणि त्यानंतर वाढत राहिली. ‘फंकी विंकरबीन’ने १९९२ आणि २००७ मध्ये अशा दोन उड्या घेतल्या. तुम्हाला दोनच वर्षं झालीत. उडी नको, नुसतं चालायला लागा.

हिशेबाचं म्हणाल तर एक लांब वही घाला, किराणावाल्याकडे असते तशी. संगणकात ठेवलंत तरी चालेल, पण मला वही लागते, कारण मागची पानं चाळताना विसरलेले विनोदही सापडतात. प्रत्येक पात्राला एक पान. जन्मतारीख दिवस-महिन्यासह लिहायची, सन मात्र लिहायचा नाही. मुलगी जन्मली तेव्हा आई किती वर्षांची होती, आजी किती, अशी अंतरं लिहायची. सन लिहिलात की एखाद्या दिवशी गणित अंगावर येतं. शिवाय काय काय घडून गेलं त्याच्या नोंदी: कुठला दात पडला, कुठल्या गुडघ्यावर टाके, कोणती मैत्रीण गाव सोडून गेली. मी ही वही सहाव्या वर्षी घातली, आणि तोवर आजीच्या एकाच डोळ्याचा मोतीबिंदू दोनदा काढून झाला होता.

वेगासाठी आपल्याकडे शाळेचं वर्ष आहे, त्याहून सोपं काही नाही. जूनमध्ये नवी इयत्ता, मग गणपती, दिवाळीची सुट्टी, मार्च-एप्रिलची परीक्षा, मे महिन्यात आजोळ. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला दीडशेच्या आसपास पट्ट्या. एखाद्या संध्याकाळची गोष्ट तुम्ही सहा पट्ट्या ताणलीत तर बाहेर दोन आठवडे गेलेले असतात. त्याचं काही वाटून घेऊ नका, वाचक ते मनात जुळवून घेतो. त्याला फक्त हे चार-पाच खुंटे जागेवर हवे असतात. मी एका वर्षी आजारपणात जूनची पट्टी चुकवली आणि थोरला दोन वर्षं सातवीत राहिला. वर्षभर लोक भेटतील तिथे विचारायचे, नापास झाला का? शेवटी मी एका पट्टीत त्यालाच म्हणायला लावलं, की बाईंनी मला पुढे सरकवायचं विसरलं. हशा मिळाला, पण अशी युक्ती एकदाच चालते.

चित्राबद्दल. वय चेहऱ्यावर सुरकुत्या मारून येत नाही. डोक्याच्या मापात मोजा. तुमची दुसरीतली मुलगी मला अडीच डोकी उंच दिसते, आई साडेचार. दर जूनला मुलीला डोक्याचा अष्टमांश द्या, जास्त नको. डोळे तेवढेच ठेवा आणि हनुवटी खाली येऊ द्या, म्हणजे डोळ्यांची रेघ आपोआप चेहऱ्याच्या मध्याकडे सरकते. बाळाचे डोळे चेहऱ्यावर खाली असतात, मोठ्या माणसाचे मध्यावर. मोठं होण्यातला निम्मा प्रवास तिथेच असतो. एक खूण मात्र कधीही बदलू नका. माझ्या थोरल्याच्या डोक्यावरचा भोवरा शेवटपर्यंत तसाच उभा राहिला, त्यामुळे मिशा फुटल्यावरही लोकांनी त्याला ओळखलं. आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा काढून ठेवा, घराघरात असतात तशा. तुम्हालाही मापाला उपयोगी पडतात.

आई-बाबांना विसरू नका. मुलं दर जूनला बदलतात म्हणून लक्षात राहतं. आई-बाबा दहा वर्षं तसेच राहतात आणि एक दिवस मुलाचे मोठे भाऊ-बहीण दिसायला लागतात. बाबांचा चष्मा, आईची केस बांधायची पद्धत, असा एक एक बदल दोन-तीन वर्षांतून करा आणि त्याबद्दल पात्रांना बोलू देऊ नका.

शेवट कसा करायचा हे आत्ता विचारू नका, पण एक नोंद घेऊन ठेवा. जॉन्स्टन यांनी २००८ मध्ये एलिझाबेथचं लग्न लावलं. तिचे आजोबा त्याच वेळी इस्पितळात. ३१ ऑगस्टच्या रविवारी पुढे कुणाचं काय झालं ते सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टी पुन्हा सुरुवातीच्या काळात गेली, मायकल आणि एलिझाबेथ परत लहान. एलिझाबेथने निवडलेला नवरा कितीतरी वाचकांना पसंत नव्हता, ते अजून त्यावर भांडतात. दुपट्यातून पाहिलेल्या पोरीच्या लग्नात आपलं मत विचारलं नाही, याचा राग होता तो. मला ते फार मोठं यश वाटतं, आणि तुमच्या वाट्याला आलं तर झोप उडेल हेही सांगून ठेवते.

तेव्हा तुमच्यासाठी एवढंच करा. भावाला येत्या महिन्यात रांगायला लावा, कुणालाही न सांगता, एका पट्टीच्या मागच्या कोपऱ्यात. गेलेल्या दोन वर्षांचा खुलासा देऊ नका, कुणी मागायला येत नाही. जूनमध्ये मुलीला तिसरीत घाला. त्या दिवशीच्या पट्टीत विनोद नेहमीचाच असू द्या, डब्याचा नाहीतर रिक्षाकाकांचा. दप्तर जुनंच ठेवा, फक्त त्याचे पट्टे एक भोक सैल करा.